गोठलेल्या तळ्यावर थ्रॉटल अडकला

नेरच्या स्टँडवर बडनेऱ्याची मोटर लागली होती. बाबांनी आमची ट्रंक स्वतःच टपावर चढवली, हमालाला हात लावू दिला नाही. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत एवढंच म्हणाले, "तिथं लय बर्फ राह्यते म्हणतात. अंगात गरम घालत जाय." माय माझ्या बायकोला, कुसुमला, पोटाशी धरून रडत होती. मोटर हलली, धूळ उठली आणि बाबा दिसेनासे झाले. साठीचं दशक सरत आलं होतं. कॅनडात, पार उत्तरेकडच्या एका शाळेत मास्तर म्हणून मी निघालो होतो.

गाव कसलं, तळ्याकाठची थोडी लाकडी घरं. आम्हाला शाळेमागची एक खोली मिळाली. हिवाळ्यात तळं इतकं टणक होई, की त्यावरून गाड्या पळत. दुकान, पोस्ट आणि आठवड्यातून एकदा उतरणारं विमान, सगळं पलीकडच्या काठाला. तिकडे जायला शाळेची स्नोमोबील होती. पुढे दोन पाट, मागे रबरी पट्टा. बर्फावरची मोटरसायकलच म्हणा. तिच्या हँडलवर अंगठ्यानं दाबायचा खटका असतो, तो थ्रॉटल. दाबला की नळीतली बारीक तार ओढली जाते आणि गाडी पळते. सोडला की तार मागे सरकते, गाडी मंदावते. मी ती लवकर शिकलो. नेरच्या पत्रांत मात्र तिच्याबद्दल कधी लिहिलं नाही. कसं समजावणार होतो?

एका सकाळी दुकानदारानं शाळेतल्या वायरलेसवर माझ्यासाठी आलेली तार वाचून दाखवली. बाबा जाऊन चार दिवस झाले होते. मी त्याला पुन्हा वाचायला लावली. त्यानं वाचली. मग म्हणाला, आजचं विमान दुपारी सुटेल, जायचं असेल तर लगेच निघा. हे विमान मिळालं असतं तर तेरवीला तरी नेरला पोहोचलो असतो.

"मामाजी तर आता दिसत नाहीत," कुसुम पिशवी भरत म्हणाली; बाबांना ती मामाजी म्हणायची. "मायजवळ तरी जाऊन बसू."

आम्ही स्नोमोबीलवर निघालो. तळ्याच्या मध्यावर समोर बर्फाचा उंचवटा दिसला, म्हणून मी अंगठा उचलला. गाडी मंदावलीच नाही. खटका दाबलेलाच राहिला होता. मी चटकन चावी फिरवून इंजिन बंद केलं. गाडी घसरत घसरत उंचवट्याच्या अलीकडे थांबली.

"काय झालं?"

"तार गोठली." गाडी उबदार शेडमधून काढली होती. वाटेत उडालेला बर्फाचा भुगा तिच्यावर वितळला, पाणी नळीत शिरलं आणि बाहेरच्या थंडीनं तिथंच गोठलं. "हे सुटल्याबिगर इंजिन चालू नाही करता येत. केलं तर आपल्याले घेऊन पळत सुटन."

"मंग गरम करा न."

"पेट्रोलजवय काडी कशी ओढू?"

कुसुमनं कोटाच्या गुंड्या सोडल्या. "द्या इकडे."

मी दोन्ही टोकांनी नळी सोडवली. तिनं ती तारेसकट कोटाच्या आत पोटाशी धरली आणि दात आवळले. तोवर मी कार्बुरेटरच्या तोंडाशी धरलेला बर्फ काढत बसलो. हातमोज्यात बोटं चालेनात, म्हणून मोजा काढला. थोड्या वेळानं पाहिलं तर अंगठा पांढरा पडला होता. दुखत नव्हता. मी मनात म्हणून पाहिलं, बाबा गेले. तेही दुखलं नाही.

"रडून घ्या थोडंसं," ती म्हणाली.

"मले काहीच नाही वाटून राह्यलं, कुसुम."

ती कोट घट्ट धरून उभी राहिली.

शेवटी तार हलली. नळीतलं पाणी झटकलं, तार पुसली, अडकेनाशी होईपर्यंत मागेपुढे केली आणि परत बसवली. इंजिन बंद असतानाच खटका पुन्हा पुन्हा दाबून सोडला. दर वेळी तो टक्कन मागे आला. मग चावी फिरवून इंजिनाची दोरी ओढली. पहिल्या झटक्यात चालू झालं.

तेवढ्यात पलीकडच्या झाडांवरून विमान वर आलं. आम्ही दोघं पाहत राहिलो. ते दक्षिणेकडे वळलं, लहान होत गेलं. पुढचं आठवड्यानं. तोवर नेरला धाकट्या भावानं, वसंतानं, सगळं उरकलेलं असणार होतं.

बराच वेळ इंजिन नुसतंच चालू होतं. मग मागे बसत कुसुम म्हणाली, "चला, घरी जाऊ."

त्या खोलीला तोवर आम्ही दोघंही क्वार्टर म्हणायचो. मी गाडी वळवली.

खोलीत तिनं शेगडीत लाकडं सरकवली आणि माझा हात कोमट पाण्यात धरून ठेवला. आधी काही कळेना. मग अंगठ्यातून कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत गेली. "बाबा!" मी ओरडलो. तोंडातून तेवढंच निघालं. मग मी रडलो. तिनं हात सोडला नाही.

पुढे उन्हाळ्यात नेरला जाऊन आलो, त्यानंतरही येत राहिलो. गावी राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, सगळेच विचारता, तुमचं घर नेमकं कोणतं? नेर माझं गाव आहे आणि मरेपर्यंत राहील. पण घर म्हटलं की मला ती शाळेमागची खोली आठवते. बाबांसाठी मला तिथंच रडता आलं.