शेंडेकाकांच्या तोंडून न निघणारा प्रश्न

शेंडेकाका ट्रे घेऊन माझ्यासमोर उभे होते आणि तोंडातून शब्द काढत नव्हते. पाचव्यांदा. शनिवारी टेस्ट, आज गुरुवार.

राज्य नवीन झालं तेव्हाची गोष्ट. रायपूर राजधानी झालं अन् दिल्लीचे साहेब लोक उतरायला लागले. एका नव्या हॉटेलनं वेटरना इंग्रजी शिकवायला मला बोलावलं. मी शाळेतली इंग्रजीची मास्तरीण. पण हॉटेलात अख्खं व्याकरण लागत नाही, एक साचा पुरतो. ‘वुड यू लाइक’ म्हणायचं आणि पुढे वस्तू जोडायची: टी, सूप, मोर राइस. म्हणजे ‘आपण घेणार का’, पण अदबीनं. सगळ्या वेटरना दोन दिवसांत जमलं. काकांना नाही.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. रायपूरच्याच गोल बाजारातल्या भोजनालयात वीस वर्षं वाढण्याचं काम केलेलं. मॅनेजरनं बजावलं होतं, नापास झाला तो हॉलमधून थेट भांडी घासायला. पन्नाशीच्या माणसाला! मला संताप आला, पण माझ्या संतापानं ते पास होणार नव्हते.

मला वाटलं, जीभ वळत नसेल. मेनू कार्ड वाचायला दिलं, तर खणखणीत वाचलं. मग मात्र मी वैतागले. म्हटलं, काका, बाकी सगळं येते, मग हेच काहून अडते?

त्यांनी ट्रे खाली ठेवला. “येते मले, मॅडम. पण पाहुण्याले ‘घेता का’ म्हणून कोणी विचारते का? विचारलं म्हणजे द्याचं मन नाही. आपण आणून ठेवतो.”

माझ्या आईनं जन्मात कोणाला ‘चहा घेता का’ विचारलं नाही. माणूस दारात दिसला की आधण चढायचं. आणि मी चार दिवस या माणसाला मठ्ठ समजत होते. खरं सांगते, लाज वाटली.

पण नोकरी तर वाचवायची होती. म्हटलं, “काका, द्याचं की नाही, हे विचारूच नका. द्याचंच आहे. कोणतं द्याचं, तेवढं विचारा. टी ऑर कॉफी.”

काकांनी जरा विचार केला. “हव,” म्हणाले. “हे चालते.”

शनिवारी सकाळपासून उभ्यानं धावपळ करून मॅनेजर शेवटी स्वतः गिऱ्हाईक बनून बसला. काका वाकले आणि एका दमात म्हणाले, “वुड यू लाइक टी ऑर कॉफी, सर?”

“नथिंग, थँक यू.”

याची तयारी मी करून घेतलीच नव्हती. काका आत गेले. बाहेर आले ते अद्रकवाला चहा घेऊन. मॅनेजरसमोर कप ठेवला. मी कपाळावर हात मारला.

“शेंडेजी, मैंने मना किया था न?”

“हव सर, सुना. पर आप सुबह से खड़े हो.”

मॅनेजरनं आधी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कप उचलला आणि तळापर्यंत संपवला. कागदावर ‘पास’ लिहून खाली शेरा मारला: बोलना अच्छा, सुनना कमज़ोर.

काका हॉलमध्येच राहिले. तेव्हापासून कोणाला एखादं वाक्य अडलं, की मी आधी विचारते, तुमच्या घरी पाहुण्याला चहा कसा देतात?