मोकळा सोडलेला कप्पा

"अहो, पळा! नानान्या म्हशी कप्पामा शिरन्यात! बठ्ठं खाई ऱ्हायन्यात!"

बायकोचा आवाज असा, की तिकडे धुळ्याच्या हायवेवर ट्रकवाल्यांनी ब्रेक दाबले असतील. माझी अर्धी दाढी झालेली. तोंडाला फेस घेऊन तसाच बांधावरून धावलो. विहिरीजवळच्या कप्प्यात नानाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, चार म्हशी उभ्या. एकेक एसटीएवढी. आणि गवत ओढण्याचा तो आवाज! कुणी आपल्याच डोक्याचे केस उपटतंय असं वाटावं.

शेताचे मी विजेच्या झटका तारेनं सहा कप्पे पाडले होते. मारवेल, दशरथ घास, लसूणघास, चवळी, मधूनमधून मेथी आणि शेपू, सगळं मिसळून पेरलेलं. गायी एका कप्प्यात चरायच्या, गवत घोट्याएवढं उरलं की पुढच्यात. मागच्यानं तोवर विसावा घ्यायचा. "गायीसले खोल्या भाड्यानी देस का रे?" म्हणत गाव हसलं. मग घास असा माजला की आत शिरलेला ससा पारोळा तालुक्यात बाहेर पडायचा. गायीनं ढेकर दिला की मेथीच्या लाडवाचा वास. गाव गप्प बसलं.

विहिरीजवळचा कप्पा दिवाळीपासून राखलेला. बायकोनं बजावलं होतं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हिरवा चारा पुरला तर सगळ्या गायी दारात राहतील, नाहीतर तांबडी गाय बाजारात जाईल. हे नानाला माहीत होतं. तारेचे खांब त्यानंच माझ्याबरोबर रोवले. पहिला झटकाही त्यालाच बसला. तेव्हा तो एवढा उंच उडाला की वरून त्याला चाळीसगावचं स्टेशन दिसलं, हे तोच सगळ्यांना सांगायचा.

आता झटका मशीनचं बटण बंद होतं. तार गुंडाळून खांबाला अडकवलेली. म्हशी हुशार असतात, मान्य. पण तारेची इतकी नीट गुंडाळी करणारी म्हैस मी तरी पाहिलेली नाही.

नाना निंबाच्या सावलीत सुपारी कातरत उभा.

"नाना, हाई काय?" मी ओरडलो.

तोवर निम्मं गाव बांधावर जमलेलं. नाना माझ्याशी नाही, त्यांच्याशी बोलला. "आरे, यानीच सांगं ना टपरीवर, कप्पा मोकळा सोडेल शे म्हनीसन! मोकळं रान कोनं? बठ्ठासनं!"

आमच्याकडे कापसाची शेवटची वेचणी झाली की रान मोकळं होतं. मग कुणाचीही गुरं कुणाच्याही शेतात शिरतात, विचारायची पद्धत नाही. मी 'मोकळा' म्हणालो ते गवताला विसावा म्हणून. पण बांधावरच्या माना हलल्या. एक आबा म्हणाले, "जाऊ दे भो, शब्द तुन्हाच शे."

कोल्हा दिसला तर वाघ सांगणारा मी. जन्मभर थापा पचल्या, आणि एका खऱ्या शब्दावर पकडला गेलो. शिवाय तोंडाला साबण. माझं कोण ऐकणार?

गाय शेंडा खाते. म्हशींनी बुडखेच उपटले होते. वर चैत्राचं ऊन. पुन्हा एक पातं फुटलं नाही. आखाजीच्या आधी तांबडीला टेम्पोत चढवलं. ती मुकाट चढली, तेच जास्त लागलं. चाळीसगावच्या बाजारातून रिकामं दावं घेऊन परतलो, तेव्हा नाना विहिरीवर म्हशी धूत होता. आसपास कुणी नव्हतं.

"नाना, आते तरी खरं सांग. मोकळा म्हंजे विसावाले, हाई तुले माहीत नव्हतं?"

त्यानं म्हशीच्या पाठीवर पाणी ओतलं.

"माहीत व्हतं. मन्ह्या म्हशी उपाशी व्हत्यात."