नळावरची शिट्टी

माझी पहिली पोस्टिंग डोंगरातल्या एका एएससी कंपनीत झाली. एएससी म्हणजे फौजेला रेशन, इंधन आणि सामान पोचवणारी शाखा. मी धुळ्याकडचा, वय एकवीस, ट्रेड ड्रायव्हर. दुपारी चार वाजता युनिटमध्ये रिपोर्ट केला. सव्वाचारला ट्रंक बराकीत ठेवली. साडेचारला नळावर तोंड धूत होतो, तेव्हा अगदी मागे कर्कश शिट्टी वाजली. मी दचकलो. साबणाची वडी नालीत पडली. बराकीसमोर बसलेले सगळे हसले.

मागे एक ठेंगणा हवालदार उभा होता.

"कुठला रे?"

"धुळे."

"मी अकोल्याचा. इंगळे. उद्यापासून तू माझ्या गाडीवर. साबण उचल."

फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. इंगळे उस्ताद चाळीस दिवस माझ्या शेजारच्या सीटवर बसले. पहाटे साडेपाचला फर्स्ट परेड: तेल, पाणी, टायर, लाइट, ब्रेक. सहाला कॉन्व्हॉय सुटायचा. उस्ताद कमी बोलायचे. एका सकाळी विचारलं, "झोप किती?" मी म्हणालो, सात तास. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला खाली उतरवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मला खोटं सांगितलंस तर चालेल. घाटाला सांगू नकोस."

ते बोलले की मी वहीत उतरवायचो. तारीख, वेळ, वाक्य. याद्या करायची सवय तिथलीच. सतरा वर्षांनी हवालदार म्हणून बाहेर पडलो तेव्हा वहीत त्रेसष्ट मुद्दे होते.

उस्ताद माझ्या आधी निवृत्त झाले होते. त्यांचे थोरले भाऊ गिरणीच्या कामाला सुरतला आलेले, म्हणून तेही इथेच स्थिरावले आणि हजीऱ्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत रोड ट्रेनर झाले. त्यांनी मला फोन केला. "मोकळा आहेस ना? ये. गाड्या मोठ्या आहेत, माणसं तीच." मी आलो. माझ्या त्रेसष्ट मुद्द्यांचा कंपनीने फॉर्म केला. मी यार्डात नव्या ड्रायव्हरची तपासणी करायची, प्रत्येक मुद्द्यापुढे खूण करायची, खाली सही करायची. मग उस्ताद त्याला ताब्यात घेणार.

ट्रेनरकडून काय अपेक्षा ठेवायची, असं प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतं. तो गोड बोलेल, ही अपेक्षा ठेवू नका. कामरेजच्या चौकात तुम्ही अडकलात तर तो स्टिअरिंग हातात घेणार नाही, गाडी तुम्हालाच काढावी लागेल. उसाच्या गाड्यांमागे चलथाणपर्यंत रांगत जावं लागलं तरी ओव्हरटेक करू देणार नाही. चहाला उतरलात तरी आधी चाकाखाली लाकडी ठोकळा लावायला लावेल. झोप, डोळे, औषधं, घरातलं भांडण, सगळं विचारेल. खरं सांगा. आणि एक गोष्ट मी स्वतःहून सांगतो. ट्रेनरही चुकतो.

गेल्या हिवाळ्यात भटूनाना आमच्याकडे आले. वय बेचाळीस. अठरा वर्षं उधन्याला पॉवरलूमवर काढलेली. लूमचा कारखाना बंद पडला, म्हणून हेवी लायसन्स काढलेलं. आमच्याच तालुक्याचा माणूस. अहिराणी ऐकली की माझा फॉर्म जरा सैल होतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

"नाना, या वयात ट्रेलर?"

"लूम बारा तास उभं ठेवतं, दादा. इथं बसायला तर मिळतंय." त्यांनी हसत हात जोडले. "तेवढी सही करा. पोरीचं कॉलेज आहे."

मुद्दा क्रमांक एकेचाळीस: शिट्टीवर गाडी थांबवणे. ट्रेलर मागे घेताना एक माणूस मागे उभा राहतो. तो डाव्या आरशात दिसत राहिला पाहिजे. दिसेनासा झाला की ब्रेक. पण ड्रायव्हरला उजवा कोपराही बघावा लागतो. त्या दोन-तीन सेकंदांत डावी बाजू कानांनी सांभाळायची. म्हणून शिट्टी. एक लांब शिट्टी म्हणजे हॉल्ट. वॉकीटॉकी असतोच, पण उस्ताद म्हणायचे, "त्याची बॅटरी संपते."

मी मागे उभा राहिलो. शिट्टी वाजवली आणि सवयीने हात वर केला. नानांनी ब्रेक मारला. पाच वेळा केलं, पाचही वेळा गाडी जागच्या जागी थांबली. मी खूण केली. सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता उस्तादांनी फॉर्म पाहिला.

"शिट्टी?"

"पाचपैकी पाच."

"तुझी खूण आहे म्हटल्यावर मी कशाला बघू?" फॉर्म खिशात घातला आणि नानांना म्हणाले, "चला लूममास्तर, आज उलटं विणायचंय."

१०.४० ला ट्रेलर मागे यायला लागला. मी गेटजवळ होतो, चाळीस मीटरवर. उस्ताद मागे डाव्या बाजूला. मागच्या चाकांच्या वाटेत लोखंडी पट्टी पडली होती. टायर फाटला असता. उस्तादांनी लांब शिट्टी दिली आणि ती उचलायला वाकले. तीस वर्षं त्यांची शिट्टी वाजली की गाडी थांबत आली होती. नाना त्या वेळी उजव्या आरशात खांबाचं अंतर बघत होते.

दुसरी शिट्टी ऐकली. तिसरी अर्धीच.

मी वॉकीटॉकीवर ओरडलो, "हॉल्ट! नाना, हॉल्ट! हॉल्ट!"

माझा जाड आवाज त्यांना ऐकू आला. गाडी थांबली. १०.४१.

उस्ताद शुद्धीवर होते. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी विचारलं, "हँडब्रेक लावला का त्यानं?"

"लावला, उस्ताद."

"ठोकळा?"

मी ठोकळा लावून आलो. तोवर त्यांचे डोळे मिटले होते. ॲम्ब्युलन्स १०.५८ ला आली. ११.३५ ला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाहेर आले आणि उस्ताद गेल्याचं सांगितलं.

मी परतलो तेव्हा नाना यार्डात चाकाशेजारी बसून होते. मला बघून म्हणाले, "दादा, माले शिट्टी ऐकूच उनी नही." मग सगळं बाहेर आलं. लूमच्या खडखडाटात उंच पट्टीचा बारीक आवाज ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं. माणसाचं बोलणं कळायचं, शिट्टी नाही. माझ्या तपासणीत ते माझ्या हाताकडे बघून ब्रेक मारत होते. सांगितलं असतं तर सही मिळाली नसती. मी त्यांच्यावर ओरडू शकलो नाही. त्यांनी लपवलं होतं, हे खरं. पण खूण माझी होती. चौकशीत मी तेच लिहून दिलं.

आठ दिवसांनी उस्तादांच्या घरी गेलो. नाना आधीच येऊन दाराशी उभे होते, आत जायची हिंमत नव्हती. वहिनींनी त्यांना हाताने धरून आत घेतलं, पाणी दिलं. मग कपाटातून एक जुनी डायरी काढून माझ्यासमोर ठेवली. "भाऊजी, तुमच्या फौजेतल्या कंपनीची आहे. बघा, काही कामाचं असेल तर."

उस्ताद याद्या करत असतील, असं मला कधी वाटलंच नव्हतं. एकेका ड्रायव्हरला एकेक पान. माझं पान सापडलं. वर माझा नंबर आणि नाव. खाली पहिलीच ओळ होती:

'कान. नळावर, पाठमोरा असताना शिट्टी. दचकला. ठीक.'

मागची पानं उलटली. प्रत्येक पानावर पहिली ओळ तीच. कोणी नळावर, कोणी जेवताना, कोणी बूट पुसताना. सगळे पाठमोरे.

त्यांचं प्रत्येक वाक्य मी उतरवलं होतं. हे मात्र मस्करी समजून सोडून दिलं.

भटूनाना परत लूमवर गेले, दुसऱ्या कारखान्यात. तिथे ऐकू यायची गरज नाही. मी अजून यार्डातच आहे. नवी बॅच येते, जेवून नळावर हात धुवायला जाते. मी एकेकाच्या मागे जाऊन उस्तादांची शिट्टी वाजवतो. तो दचकतो, बाकीचे हसतात. मी त्यांना हसू देतो. हात पुसून झाले की सगळ्यांना बसवतो आणि हवालदार इंगळे कोण होते, ते सांगतो.