काहूनबाई

त्यांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर आणि घराच्या पाटीवर होतं. पण नागपुरात धरमपेठेपासून महालापर्यंत ज्यांना म्हणून लिहिण्याची हौस होती, ती सगळी माणसं त्यांना काहूनबाई म्हणत. तुम्ही काहीही लिहून न्या, बाई चष्मा कपाळावर सरकवत, पहिल्याच वाक्यावर बोट ठेवत आणि विचारत, "काहून?" म्हणजे, का? मुलींच्या शाळेत त्या वर्षभर शुद्ध मराठी शिकवत. मे महिन्यात मात्र वाचनालयाच्या माडीवर त्यांचा दहा-बारा दिवसांचा लेखनवर्ग भरे, आणि तिथे आल्यावर त्यांची शुद्ध मराठी चपलांबरोबर दाराबाहेरच राही.

मी त्या वर्गात गेले तेव्हा नुकतीच सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत कारकून म्हणून लागले होते. सत्तरचं दशक सुरू झालेलं. दिवसभर टिपणं लिहून लिहून माझी भाषा पार फायलीची झाली होती. बाईंनी पहिल्या दिवशी आईवर लिहायला सांगितलं. मी लिहिलं, "सदर महिला पहाटे उठून नियमानुसार चूल पेटवीत असे." बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"ही तुझी आई आहे का आवक-जावक विभाग?"

सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले होते.

"चूल पेटवताना काय करते ती? बोलते, गाणं म्हणते?"

"काही नाही बाई. खोकते. धुरानं."

"मग खोकू दे ना वं तिले. काहून दाबून ठेवलं?"

घरी येऊन मी आईला खोकू दिलं, आणि कागदावर पहिल्यांदाच माझी आई दिसायला लागली.

वर्गात सगळ्या प्रकारची माणसं असत. माझ्यासारखे अगदी नवखे, आणि ज्यांचं काही ना काही छापून आलेलं होतं असेही. त्यातले एक वकीलसाहेब होते. दिवाळी अंकांत कथा येत त्यांच्या. त्यांनी मोठ्या डौलात वाचलं, "निशेच्या नीलांचलात चंद्रिका मंद स्मित करीत होती." बाईंनी हात वर केला. "काहून?"

"काहून म्हणजे, बाई?"

"काहून हसून राहिली ती? कोणी काही म्हटलं का तिले?"

कोर्टात कोणी वकीलसाहेबांना असं गप्प केलं असेल असं मला वाटत नाही. पण माणूस दिलदार. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजीवर पुढे बसले.

एकदा बाईंनी सगळ्यांना सकाळीच सीताबर्डीच्या बाजारात पाठवलं. दोन माणसं बोलताना ऐकायची आणि जसं ऐकलं तसं लिहून आणायचं. निघताना प्रत्येकाच्या हातात एकेक कांदा ठेवला. उन्हाची लू लागू नये म्हणून. बाईंच्या पर्समध्ये मे महिन्यात पेन एखाद्या वेळी सापडायचं नाही, कांदा हमखास सापडायचा. वकीलसाहेबांनी टरबूजवालीचं बोलणं टिपून आणलं होतं, आणि त्यांच्या कागदावरची टरबूजवाली गिऱ्हाइकाला म्हणत होती, "भगिनी, हे फळ अत्यंत मधुर आहे." बाई हसून हसून इतक्या थकल्या, की त्यांनाच पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "वकीलसाहेब, परत जा. ती तिथंच बसली असंल. माफी मागा तिची."

बाईंचा एक आग्रह होता. वस्तूचं नाव लिहायचं. झाड म्हणायचं नाही, कडुनिंब म्हणायचं. "एका गावी" लिहिलं, की त्या हटकून विचारत, "त्या गावाले नाव नाही का? नावाची भीती वाटते तुम्हाले?"

त्याच वर्गात एक तरुण नर्स होती. सरकारी दवाखान्यात कामाला. रात्रपाळी करून तशीच यायची, म्हणून सगळे तिला सिस्टरच म्हणत. पहिले काही दिवस तिनं काहीच लिहिलं नाही. खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ओल्या ताटीजवळची गार जागा धरून डुलक्या घ्यायची. बाई तिला उठवू देत नसत. मग एका सकाळी ती स्वतःहून म्हणाली, "बाई, मी आणलंय." आणि वाचायला लागली.

तिच्या वडिलांवर होतं. ते गावाकडे एक जुनी सायकल वापरत. बाजाराला निघाले, की पाटलांचं दार येईपर्यंत सायकलवर बसायचे. दार आलं, की खाली उतरायचे, सायकल हातात धरून चालत जायचे आणि वळण ओलांडलं, की पुन्हा बसायचे. त्यांच्या वस्तीतल्या माणसानं त्या दारासमोरून सायकलवर बसून जायचं नाही, असा रिवाज होता. छप्पन साली आईवडील दीक्षा घ्यायला नागपूरला आले, ते परत गेलेच नाहीत. वडील गिरणीत लागले. पण मुलीला कॅरिअरवर बसवून धरमपेठेतून जाताना एखादा मोठा बंगला आला, की ते नकळत उतरायचे. ती विचारायची, "बाबा, काहून उतरले?" ते हसून पुन्हा बसायचे. असं कितीतरी दिवस चाललं. मग एका सकाळी बंगला आला आणि बाबा उतरले नाहीत. उलट घंटी वाजवली. रस्त्यावर कोणी नव्हतं, तरी पुढच्या चौकापर्यंत ते घंटी वाजवत राहिले.

तिनं गावाचं नावही लिहिलं होतं. नरखेड तालुक्यातलं सावरडोह.

वाचन संपलं. आम्ही 'काहून'ची वाट पाहत होतो. बाई ताटीतून ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "दार हिरवं होतं."

"तुम्हाला कसं माहीत?" सिस्टरनं विचारलं.

"माझ्या बापाचं घर आहे ते."

बाईंचं माहेर नरखेडकडचं, संत्र्यांच्या बागा आहेत, एवढं आम्हाला ठाऊक होतं. दर हिवाळ्यात त्यांचे धाकटे भाऊ संत्र्यांचं पोतं घेऊन येत आणि वर्गाच्या शेवटच्या दिवशी, जेव्हा सगळ्यांनी आपापलं लिखाण लोकांपुढे वाचायचं असे, तेव्हाही ते न चुकता येऊन पहिल्या रांगेत बसत. गावाचं नाव कधी निघालं नव्हतं. बाईंच्या सासरच्या आडनावामुळे सिस्टरलाही शंका यायचं कारण नव्हतं.

सिस्टरनं मान खाली घातली नाही. ती म्हणाली, "बाई, खोटं काही लिहिलं नाही मी. पण तुम्हाला त्रास होत असेल तर गावाचं नाव काढते."

"काहून?" बाई म्हणाल्या. नेहमीचाच शब्द, पण आवाज नेहमीचा नव्हता. "इतके दिवस मी काय शिकवून राहिली तुम्हाले? तुले शेवटच्या दिवशी लोकांपुढं वाचायचं आहे का?"

"वाचायचं आहे."

"मग सगळं वाच."

शेवटच्या दिवशी माडी भरली होती. भाऊ पांढरी टोपी घालून पुढे बसले होते. सिस्टरचे वडील मागे, खांबाला टेकून. सिस्टर उभी राहिली. घंटीपाशी येईपर्यंत तिचा आवाज खणखणीत झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ उठले आणि बाईंसमोर येऊन उभे राहिले.

"ताई, हे शिकवून राहिली तू?"

"हो गा. हेच."

ते जिना उतरून गेले. बाई त्यांच्या पाठीकडे पाहत राहिल्या. एवढ्यात सिस्टरचे वडील पुढे आले. बाईंनी हात जोडले. त्यांनीही जोडले. मग ते म्हणाले, "पोरीनं एक गोष्ट सांगितलीच नाही जी."

"काय?"

"मी घंटी वाजवून राहिलो होतो ना, तर समोरून सांड आला. आम्ही दोघंबी सायकलीसकट नालीत."

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की खाली वाचनालयात पेपर वाचणारी माणसं वर बघायला आली. हसता हसता त्या रडत होत्या, हे जवळ उभ्या असलेल्या आम्हालाच दिसलं.

त्या हिवाळ्यात संत्री आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बाई बाजारातून संत्री आणत आणि सोलताना म्हणत, "आंबट आहेत." माहेराविषयी त्या याहून जास्त बोलल्या नाहीत. वर्ग मात्र दर मे महिन्यात भरत राहिला. काही वर्षांनी भावाची मुलगी कॉलेजसाठी नागपूरला आली आणि एका सकाळी वर्गाच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "आत्या, बाबा म्हणाले, आत्याकडे जा, पण काही लिहू नको."

"मग ये. नुसती ऐकत बस," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पोरगी लिहीत होती. त्या हिवाळ्यात एस.टी.च्या टपावरून एक पोतं आलं. भाऊ आले नव्हते. पण पोतं भलतंच मोठं होतं. आम्हा सगळ्यांच्या घरी संत्री पोचली.

निवृत्त झाल्यावर बाई मुलाकडे पुण्याला गेल्या. वर्ग बंद पडेल असं वाटलं होतं. तो सिस्टरनं आपल्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये चालू ठेवला. मी मदतीला जात असे. एकदा बाई मे महिन्यात कुणाच्या तरी लग्नासाठी नागपूरला आल्या आणि विचारत विचारत हॉलवर पोचल्या. सिस्टरनं खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली. मागच्या सतरंजीवर नवख्यांच्यात बसल्या आणि म्हणाल्या, "कागद दे वं एखादा."

तेव्हा आमच्या ध्यानात आलं, की बाईंनी इतक्या जणांना लिहितं केलं, पण स्वतः एक ओळ लिहिलेली आम्ही कधी पाहिली नव्हती.

पुण्याचं तिकीट दोनदा पुढे ढकलून त्या वर्ग संपेपर्यंत राहिल्या. शेवटच्या दिवशी त्यांचं नाव पुकारलं, तर म्हणाल्या, "पाय कापून राहिले माझे."

"बसून वाचा," सिस्टर म्हणाली आणि खुर्ची पुढे सरकवली.

बाईंनी बसून वाचलं. "माझ्या वडिलांनी मला सायकल शिकवली. आमच्या हिरव्या दारासमोर. गावात सायकलवर बसलेली पहिली मुलगी मी. ते मागून कॅरिअर धरून धावत होते आणि ओरडत होते, 'उतरू नको बेटा, काही झालं तरी उतरू नको.' त्याच दारासमोर माणसं उतरून चालत जात, हे मला दिसत होतं. वडील मला फार आवडत. या दोन्ही गोष्टी एका कागदावर कशा लिहायच्या, ते मला कळलं नाही. म्हणून मी दुसऱ्यांना लिहायला शिकवत राहिले."

सिस्टरचे वडील पहिल्या रांगेत होते. गिरणीत वर्षानुवर्षं काम करून त्यांचे कान गेले होते. त्यांनी कानामागे हात धरून मोठ्यानं विचारलं, "काय म्हणाल्या जी बाई?"

सिस्टर त्यांना सांगायला वाकली. बाईंनी तिला थांबवलं. उठल्या, आपली खुर्ची स्वतःच ओढत त्यांच्याशेजारी नेली, त्यांच्या कानाशी वाकल्या आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा, मोठ्या आवाजात वाचायला लागल्या. सायकल आली, दार आलं. 'उतरू नको बेटा' आलं, तेव्हा म्हाताऱ्यानं मान हलवली.

"पोरीले असंच शिकवा लागते," ते म्हणाले. पुढच्या, उतरून चालणाऱ्या माणसांच्या ओळीपाशी बाई थांबल्या होत्या. त्यांनी बाईंच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं.

"वाचा जी. पुढं वाचा."