नार्व्यातला विलायती अँप्लिफायर

फोनवर शालिनीवयनी एवढंच म्हणाली, "विलायती आहे, काचेच्या व्हॉल्व्हचा आहे, जागा अडवतोय. येऊन न्या." दुसऱ्या दिवशी पेडण्याहून पहिली बस धरली. असल्या कामात विचार करत बसलं की वस्तू दुसराच उचलतो.

वयनीचा घोव, म्हणजे नवरा, रघू खाणीवर फिटर होता, जत्रेच्या नाटकांत गिटार वाजवायचा. तीन वर्षांपूर्वी गेला. मी गिटारचे जुने अँप्लिफायर जमवतो, घरात चार आहेत. रघूचा एकदाच ऐकलेला, गोवा राज्य झालं त्या सुमारास. तेव्हापासून डोळा होता.

म्हापशाला स्टँडजवळ पातळभाजी आणि उंडो पाव खाल्ला. दुसरा उंडो मागवू नका, डिचोलीची बस थांबत नाही. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, टेस्टर. बाकी लवाजमा नको.

डिचोलीहून आधी पाळीला गेलो. तिथे दत्ता, रघूबरोबर खाणीच्या वर्कशॉपात होता. त्याच्याकडेही एक पेटी आहे म्हणालेला. निघाला लग्नातल्या माइकचा ट्रान्झिस्टरवाला, वर लाल धूळ. दहा मिनिटांत उठलो.

"रघूचा न्यायला चाललास? नीट उघडून बघ हां."

"म्हणजे?"

"म्हणजे काय नाय. उघड आणि बघ." आणि हसला. मला कोडी आवडत नाहीत. निघालो.

डिचोलीहून नार्व्याला बसची वाट बघू नका. पायलट करा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल. भाडं बसायच्या आधी ठरवा. सप्तकोटेश्वराला बाहेरूनच हात जोडले. वेळ असेल त्यांनी आत जावं, जागा निवांत आहे.

वयनीच्या घरी अँप्लिफायर स्टुलावर, वर जास्वंद. पुढे विलायती कंपनीची पितळी पाटी, तिला कुंकू. मागचं झाकण काढलं तर व्हॉल्व्ह बांगड्यांसारखे चकचकीत. एकाही काचेवर अक्षर नाही.

"वयनी, हे पुसले कोणी?"

"मी. दर दसऱ्याला. ओल्या फडक्याने."

"अहो, काचेवर नंबर असतात! त्यावरून ओळखायचं! बोट घासलं तरी जातात ते!"

"तुमच्या घरात दसऱ्याला यंत्रं पारोशी पुजतात?"

माझ्या घरातही कोयता, शिवणयंत्र, स्कूटर, सगळं धुऊनच पुजतात.

मग सांगाडा बाहेर काढला. नवशिक्यांनी यात हात घालू नये. वायर काढली तरी आत करंट बसून असतो. माझी शाळा सातवीत संपली, पण हे वाचता येतं. विलायती मालाची भोकं मशीनची, एकसारखी. इथली कानशीने मोठी केलेली. ट्रान्सफॉर्मर जुन्या रेडिओचा. पत्रा खाणीवरच्या स्विचच्या पेटीचा. आतल्या कोपऱ्यात खिळ्याने कोरलेलं: "चवथीक जाय." चतुर्थीला हवा.

"वयनी, हा विलायती नाही. रघूने स्वतः केलाय. पाटी तेवढी विलायती."

बोलून बसलो. गप्प बसून उचलला असता तर?

"मला म्हणाले, बोटीवरल्याकडून घेतला."

"हाताने केलेला म्हटला असता तर जत्रेला कोण बोलावणार होतं?"

"लोकांचं सोडा. मला सांगायचं की नाय?" तिने चष्मा आणला, टॉर्च मागितली, ते दोन शब्द वाचले. परत वाचले. "त्या चवथीआधी महिनाभर ओव्हरटाइम म्हणून उशिरा यायचे. हा तो ओव्हरटाइम! फटिंग मेलो!"

शिवी दिली आणि हसत बसली. मग म्हणाली, "झाकण बसवा."

"बसवतो. दोरी आहे का बांधायला?"

"दोरी कशाला? विलायती लोखंड होतं तोवर न्या म्हटलं."

"जागा अडवतो म्हणालात."

"अडवू दे."

चारही स्क्रू मीच घट्ट केले. वयनीने कोकमाच्या सोलांची पुडी दिली. तेवढीच घेऊन बस धरली. सोलं चांगली होती, आमटीत संपली.

आता घरातले चार समोर आहेत. नंबर शाबूत, देश सांगतो, साल सांगतो. कुणी रात्री जागून जोडले, का जोडले, एकाचंही सांगता येत नाही. रघूच्याचा नंबर नाही आणि सगळं ठाऊक आहे. आणि तो माझ्याकडे नाही.

वयनीचा काल फोन आला, दसऱ्याला या म्हणून. जाणार. सुकं फडकं घेऊन जाणार. अक्षरं गेली ती गेली, रघूने केलेले जोड तरी गंजू नयेत.