केळीचा वार

दहा जून १९९४ रोजी मी गाव सोडलं तेव्हा माझ्या खिशात दोन हजार दोनशे रुपये होते. आठशे माझे, चौदाशे वडिलांनी दोन बोकड विकून दिलेले. फाट्यावर सोडायला वडील, आई आणि धाकटा भाऊ सखाराम असे तिघे आले होते. नाशिकला पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात हिशेबाच्या टेबलावर मला नोकरी लागली होती. एसटी दिसल्यावर वडील एवढंच म्हणाले, "कोनी पानी दिलं त पी. नाय दिलं त मांगू नको."

तीन वर्षं भाड्याच्या खोलीत काढून आम्ही पाथर्डी फाट्याजवळ दहा घरांच्या इमारतीत फ्लॅट घेतला. दारावरची 'पवार' ही पाटी वाचून सेक्रेटरी अण्णांनी विचारलं, सटाण्याकडचे का. मी म्हणालो, नाही, कळवणच्या वर, डोंगरातले. आम्ही आदिवासी, कोकणा. "असं का," म्हणाले आणि मीटरची जागा दाखवायला जिना उतरले.

त्या वर्षी पार्किंगमध्ये गणपती बसला. दहा दिवस, दहा घरं, रोज एका घरचा प्रसाद. अण्णांनी वार वाटून दिले. कुणाकडे शिरा, कुणाकडे मोदक, कुणाकडे खिरापत. आम्हाला केळी. वहिनींचं मूल लहान आहे, त्यांना कशाला त्रास, असं ते म्हणाले आणि मला ते बरंच वाटलं. दुसऱ्या वर्षी केळी. तिसऱ्या वर्षी मुलगी बालवाडीत जाऊ लागली होती, तरी केळी. मी पिशवी घेऊन निघालो तेव्हा माझी बायको प्रमिला ओट्याशी उभी होती.

"केळीला साल असते," ती म्हणाली. "माझा हात आतपर्यंत लागत नाही."

मी हिशेबाचा माणूस, पण ही बेरीज मला तीन वर्षं जमली नव्हती. आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायका चहा नुकताच झाला म्हणून सांगत आणि दुकानातल्या बंद बाटलीतलं सरबत मात्र घेत, तेही मग आठवलं.

पुढच्या वर्षी केळीबरोबर तिने नागलीचा, म्हणजे नाचणीचा, शिरा केला, गावच्या पिठाचा, वेलदोडा घालून. आरती झाली. लोकांनी केळी घेतली. दोन पोरांनी शिऱ्याला हात पुढे केला, त्यांना वरून हाका आल्या. पातेलं जिन्याने खाली नेताना जेवढं जड होतं, तेवढंच वर आणताना होतं. दोन दिवस आम्ही तिघांनी तो शिरा खाल्ला. तिसऱ्या दिवशी प्रमिला म्हणाली, इथं आता माझ्या हातचं काही खाली जायचं नाही.

गावी कोणी विचारलं, शेजार कसा आहे, तर मी चांगला म्हणतो. ते खोटं नाही. माझं अपेंडिक्स दुखलं तेव्हा रिक्षा अण्णांनीच आणली, दवाखान्यात बसूनही राहिले. जेवायचा डबा तेवढा त्यांच्या घरून आला, आमच्याकडचा त्यांनी उघडला नाही. कोणावर ओरडावं असं कधी काही घडलंच नाही. त्याचाच शीण येतो. पुढे घराघरातल्या बायका नोकरीला लागल्या, प्रसाद करायला वेळ कुणाला उरला नाही, आणि दर घरी दीडशे रुपये वर्गणी काढून दुकानातले पेढे यायला लागले. आमची केळी अशी सुटली.

२००७ साली अण्णांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. डॉक्टरांनी तिला नागली खायला सांगितली. काकू, म्हणजे अण्णांची बायको, आमच्याकडून दोन किलो पीठ घेऊन गेल्या. आठवड्याने पुन्हा आल्या. लाडू वळतच नाहीत, सगळा भुगा होतो, प्रमिला, तूच करून दे, म्हणाल्या.

"माझ्या हातचे चालतील?" प्रमिलाने विचारलं.

काकूंनी चौकट धरली. म्हणाल्या, "लेकरू दुधासाठी रडतंय गं."

प्रमिलाने आणखी दोन किलोचे लाडू वळून दिले. संध्याकाळी अण्णा दोनशे रुपये घेऊन आले. चार किलो पिठाचे ऐंशी ठेवून तिने एकशेवीस परत केले. पिठाचे घेते, लाडवांचे नाही, एवढंच म्हणाली. पुढे स्टीलचा डबा धुऊन आला. तळाशी मूठभर साखर होती. गणपतीत मात्र नेहमीप्रमाणे पेढेच आले, आणि ती खाली गेली नाही.

दिवाळीत आम्ही गावी गेलो. पीठ सखारामच्या शेतातलं, म्हणून ते ऐंशी रुपये त्याच्या बायकोचे, लीलाचे होते. तिने सतरंजी टाकली, सखारामने दुकानावरून आणलेली सीलबंद पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवली. "दादाला आता आपलं पानी चालत नसंल," तो मागच्या दारातून हसत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. वडील जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी बाटली बाजूला सारली आणि लीलाकडे माठातलं पाणी मागितलं. तांब्याभर प्यालो. मग ऐंशी रुपये तिच्या हातावर ठेवले. तिने न मोजता कनवटीला लावले.