पाचव्या तुळईचं उत्तर

आमचे हे पहिल्यापासून भित्रे. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारे. इमारतींच्या तुळयांचं गणित असल्याच माणसानं करावं, असं मी चारचौघींत मिरवायची. डोंबल!

हल्ली ते गणित कागदावर होत नाही. संगणकावर पायथनची कसलीशी लायब्ररी असते. तुळईची लांबी, जाडी, वरचं वजन लिहून पाठवायचं, कुठला तरी लांबचा सर्व्हर उत्तर धाडतो. मध्येच नेट गेलं की यांचा प्रोग्राम बंद पडायचा. वैतागून यांनी दोन ओळी घातल्या: उत्तर नाही आलं, तरी थांबू नकोस, पुढे चल.

मी लॉन्ड्रीत इस्त्रीला आहे. लॉन्ड्रीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या नव्या टाकीच्या तुळया यांच्याच हिशोबाच्या. टाकी पहिल्यांदा भरायची होती, त्या सकाळी यांनी ऑफिसात सहज कागद चाळले. चौथ्या आणि पाचव्या तुळईचं उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत एकच! पाचवी तर कितीतरी लांब. तिचं उत्तर आलंच नव्हतं. प्रोग्राम न थांबता पुढे गेला आणि चौथीचंच उत्तर तिच्या नावावर चढलं होतं. पंपवाल्याला फोन, मला फोन. त्याला पंपाच्या आवाजात ऐकू येईना, माझा फोन पिशवीत. हे पळत सुटले.

दारात आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती.

"बाहेर व्हा! सगळ्याजणी बाहेर!"

"अहो, एवढी चादर तरी..."

"चादर गेली खड्ड्यात!"

जन्मात माझ्यावर आवाज चढवला नव्हता. तेवढ्यात डोक्यावर कर्रर्र झालं आणि पांढऱ्या चादरीवर गिलाव्याची भुकटी पडली. आम्ही नऊजणी जीव मुठीत धरून पळालो.

रस्त्यावर येऊन बघते, तर हे नाहीत. पंप बंद करायला गच्चीवर गेले होते, त्याच छपरावर! मी वर बघून हाका मारत सुटले. पंप थांबला. मग जिन्यात पावलं वाजली, पंपवाल्याची आणि यांची.

टाकी रिकामी होईस्तोवर यांनी फुटपाथवरच लॅपटॉप उघडून पाचवी तुळई पुन्हा पाठवली. या वेळी उत्तर आलं. अर्ध्या टाकीचंच वजन पेलणार होती ती. पंपवाला म्हणाला, "अर्धी तर केव्हाच भरली होती, साहेब."

तोवर टाकीचा ठेकेदार आला होता, त्यानं यांना बाजूला घेतलं. "नेट गेलं होतं म्हणा. खोटं थोडंच आहे?"

"नेट गेलं होतं," हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण उत्तर आलं नाही तरी पुढे चल, हे मी लिहिलं होतं."

त्याच तुळईखाली आम्ही नऊजणी काम करत होतो. हे माझ्याकडे बघत माझ्या दिशेनं आले, आणि माझं पाऊल आपोआप मागे गेलं.